ग्रँड कॅन्यनची हेलिकॉप्टर टूर कुठली घ्यायची? बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं सारखे येणारे प्रश्न

पोरं अमेरिकेत नोकरीला आणि आई-बाबा मे महिन्यात नाहीतर दिवाळी आटोपून तिकडं निघालेले, अशी घरं आता आपल्याकडं गल्लीगल्लीत आहेत. मग लास वेगासचा प्लॅन ठरतो आणि "ग्रँड कॅन्यन हेलिकॉप्टरनं बघायचंय, कुठलं बुक करू" हा मेसेज येतोच, टिळकवाडीतनं, खानापुरातनं, निपाणी-चिकोडीकडनं सुद्धा. तेच तेच विचारालेत म्हणून सगळं एकदा लिहून ठेवलं. एक गोष्ट दोनदा नको म्हणून मधे मधे "अमुक प्रश्न बघा" म्हटलंय. डॉलरचे आकडे अंदाजाचे धरा, दर सीझनप्रमाणं हलतात.

१. ग्रँड कॅन्यन म्हणजे नक्की काय? एवढं हेलिकॉप्टरनं बघण्यासारखं काय आहे त्यात?

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीनं कोरलेली दरी आहे ती. लांबी सुमारे ४४६ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटरपर्यंत आणि खोली दीड किलोमीटरच्या वर. आपला गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा, तसे तीस एकावर एक ठेवले तरी तळापासनं काठापर्यंत जेमतेम पोचतील. सगळ्यात वरचा चुनखडीचा थर साधारण २७ कोटी वर्षांचा आणि तळाचा काळा खडक पावणेदोनशे कोटी वर्षांच्या आसपासचा. १९१९ ला नॅशनल पार्क झालं, १९७९ ला जागतिक वारसा यादीत गेलं. काठावर उभं राहिलं की समोरचा एक तुकडाच दिसतो, नदी तर बऱ्याच ठिकाणी दिसतच नाही. हेलिकॉप्टरमधनं पसारा कळतो, त्यासाठीच लोक पैसे घालवतात.

२. साउथ रिम, वेस्ट रिम, नॉर्थ रिम हे काय प्रकरण आहे? सगळं एकच नाही का?

दरी एकच आहे पण हे काठ एकमेकांपासनं लई लांब आहेत आणि तिथले नियमसुद्धा वेगळे आहेत. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे मात्र नीट वाचा, कारण नव्वद टक्के घोळ इथंच होतो.

साउथ रिम म्हणजे नॅशनल पार्कचा मुख्य भाग, फोटोत आपण जो बघतो तो. वेगासपासनं गाडीनं साधारण साडेचार तास. पार्कच्या दाराबाहेर टुसायान नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या विमानतळावरनं हेलिकॉप्टर उडतात.

वेस्ट रिम नॅशनल पार्कात येत नाही. ती हुआलापाई या मूळ रहिवासी जमातीची जमीन आहे, २००७ ला सुरू झालेला काचेचा स्कायवॉक तिथंच आहे. वेगासपासनं गाडीनं दोन-अडीच तास. वेगासमधनं "ग्रँड कॅन्यन हेलिकॉप्टर" म्हणून जे विकतात ते जवळजवळ सगळं इकडंच जातं. इकडं दरी थोडी अरुंद आणि कमी खोल आहे, तरी हजार-बाराशे मीटर आहेच.

नॉर्थ रिम उंचावर, थंडीत बंद असतं, आणि तिथला जुना लॉज जुलै २०२५ च्या वणव्यात जळून गेला. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी त्याचा विचार करू नका.

म्हणून कंपनीचं नाव, सवलत, फोटो हे सगळं नंतर, आधी कुठनं उडतंय आणि कुठं उतरतंय ते बघा.

३. मग आम्ही कुठली घ्यायची? लांबड नको, एका वाक्यात सांगा.

वेगासमध्ये एकच मोकळा दिवस असेल तर वेगासहून वेस्ट रिमची, खाली उतरणारी. एक रात्र मुक्काम करायची तयारी असेल तर गाडीनं साउथ रिमला जाऊन टुसायानहून अर्ध्या तासाची. माझं मत विचाराल तर दुसरी. दरी तिकडंच खरी अंगावर येते, आणि हेलिकॉप्टर उतरल्यावर संध्याकाळी काठावर निवांत बसता येतं.

४. वेगासच्या टूरवर चार तास लिहिलंय. म्हणजे चार तास हवेत का?

नाही हो. हॉटेलमधनं उचलणं, वजन करणं, सेफ्टीचा व्हिडिओ, वाट बघणं, परत सोडणं, सगळं धरून ते चार तास असतात. हवेत जाताना पाऊण तास आणि येताना पाऊण तास, उतरणारी टूर असेल तर मधे तळाशी अर्धा-पाऊण तास. त्या पाऊण तासातलासुद्धा बराचसा वेळ वाळवंटावर जातो, पण तो अगदीच फुकट नाही, वाटेत हूवर धरण दिसतं, २२१ मीटर उंच, आणि मीड सरोवर दिसतं, पाणी खाली गेल्यामुळं काठाला पांढरा पट्टा पडलेला. प्रत्यक्ष कॅन्यनच्या वर किंवा आत असण्याचा वेळ वीसेक मिनिटं धरा. साउथ रिमच्या २५-३० मिनिटांच्या फ्लाईटमध्ये मात्र सुरुवातीची पाच-सात मिनिटं जंगल असतं आणि मग झाडी एकदम संपून पायाखालची जमीन निघून जाते. बुक करताना "एअर टाइम किती" असं विचारा, "टूर किती तासांची" असं विचारू नका.

५. हेलिकॉप्टर कॅन्यनच्या तळाशी उतरतं का? यूट्यूबवर लोक खाली बसून शॅम्पेन पिताना दिसतात.

उतरतं, पण फक्त वेस्ट रिमला, हुआलापाईंच्या जमिनीवर. नॅशनल पार्कच्या हद्दीत टूरचं हेलिकॉप्टर उतरवता येत नाही आणि काठाच्या खाली उडवायलाही बंदी आहे. तेव्हा टुसायानहून उडालात तर वरनंच बघायचं. काही कंपन्या नदीपासनं थोडं वर टेकाडावर उतरवून खाऊ-पिऊ घालतात, काही नदीकाठापर्यंत नेऊन छोट्या बोटीत बसवतात. शॅम्पेन नको असेल तर ज्यूस-पाणी मिळतं. शाकाहारी असाल तर बुकिंगमध्येच लिहा, नाहीतर बॉक्समध्ये टर्कीचं सँडविच निघतं आणि मावशी मग चिप्सवर दिवस काढतात.

६. खर्च किती येतो?

टुसायानहून छोटी फ्लाईट माणशी अडीचशे ते साडेतीनशे डॉलर, पाऊण तासाची त्याहून शंभरेक जास्त. वेगासहून न उतरणारी साडेतीनशेच्या आसपास, उतरणारी साडेचारशे ते सातशे. त्यात दिसणाऱ्या दरावर इंधन सरचार्ज, लँडिंग फी, जमातीची फी असं शेवटच्या स्क्रीनवर वाढत जातं आणि काही ठिकाणी काउंटरवरसुद्धा घेतात, म्हणून दोन टूरची तुलना पहिल्या पानावरच्या दरानं करू नका, पेमेंटच्या पानापर्यंत जाऊन मग करा. आपल्या कार्डावर परकीय चलनाचा चार्ज बसतो, पोराच्या तिकडच्या कार्डानं भरलेलं बरं. बोल्डर सिटीहून उडणाऱ्या थोड्या स्वस्त पडतात, ते गाव वेगासपासनं अर्ध्या-पाऊण तासावर आहे आणि बस नेते.

७. आम्हाला शंभर डॉलरला लास वेगास हेलिकॉप्टर टूर दिसली. घेऊन टाकू का?

ती वेगास शहरावरची आहे. रात्रीच्या लाईटिंगवर दहा-पंधरा मिनिटं फिरवतात, कॅन्यनचा काही संबंध नाही. मजा येते, पण आई-बाबांना कॅन्यन दाखवतो म्हणून नेलं आणि हॉटेलांची छपरं दाखवून आणलं असं नको. एक धडपडीचा उपाय म्हणजे गाडीनं किंवा बसनं वेस्ट रिमला जाऊन तिथनंच थेट तळाशी उतरायचं, काही मिनिटांची फ्लाईट असते, वेगासहून उडण्यापेक्षा स्वस्त पडते. पण दिवस सगळा रस्त्यात जातो.

८. फॉर्मवर वजन विचारतात. थोडं कमी लिहिलं तर चालेल का?

लिहा, पण उपयोग काय, काउंटरवर काट्यावर उभं करतातच. हेलिकॉप्टरमध्ये वजन कुठं किती आहे त्यावर तोल असतो आणि सीट त्या हिशोबानंच देतात. तीन जणांनी सात-आठ किलो लपवलं तर तिथं सगळं पुन्हा जुळवत बसतात, कधी घरच्यांना दोन हेलिकॉप्टरमध्ये वाटावं लागतं. १२५ ते १३५ किलोच्या वर असाल तर बहुतेक कंपन्या जादा सीटचे पैसे घेतात, नक्की आकडा कंपनीप्रमाणं बदलतो. कपडे-बुटांसकट वजन धरतात. लाजायचं कारण नाही, आकडा बहुतेक ठिकाणी त्यांच्याच स्क्रीनवर दिसतो.

९. पुढची सीट किंवा खिडकी मिळेल का? जादा पैसे दिले तर?

साधारणपणे नाही, कारण वर प्रश्न ८ मध्ये सांगितलं तेच. काही कंपन्या पुढच्या सीटसाठी जादा घेतात पण त्यातही बारीक अक्षरात "वजन जमलं तर" असतंच. त्यापेक्षा हेलिकॉप्टरचं मॉडेल बघून बुक करा, फरक तिथं पडतो. एअरबसचं ईसी १३० म्हणजे ज्याला जाहिरातीत इकोस्टार म्हणतात, त्यात सगळ्या सीट पुढं तोंड करून असतात, काचा मोठ्या, मागच्या सीट थोड्या उंच, शेपटीचा पंखा पिंजऱ्यात असल्यानं आवाजही कमी. एस्टार जरा अरुंद, मागं चौघं दाटीवाटीनं. बेल लाँगरेंजरमध्ये मधली रांग उलट तोंडाची असते, ज्याला बसमध्ये उलटं बसलं की मळमळतं त्यानं हे टाळावं. ईसी १३० चे पन्नास डॉलर जास्त गेले तरी जाऊ देत. मागच्या मधल्या सीटवर बसूनही दिसतं, रडारड करू नका, पण चौघांच्या घरात कोण मधे बसणार हे आधी घरीच ठरवा.

१०. सुरक्षित आहे का? नातेवाईक घाबरवालेत.

धोका शून्य आहे असं सांगणारा खोटं बोलतोय. १८ जून १९८६ ला कॅन्यनवर टूरचं विमान आणि टूरचं हेलिकॉप्टर हवेत धडकून २५ माणसं गेली. त्यानंतर १९८७ ला कायदा झाला, ठराविक मार्ग, ठराविक उंची, कुठल्या भागावर उडायचंच नाही हे सगळं ठरलं, आणि आजची सगळी वाहतूक त्या चौकटीत चालते. नंतरचा मोठा अपघात १० फेब्रुवारी २०१८ चा, वेस्ट रिमला उतरताना हेलिकॉप्टर कोसळलं, पाच प्रवासी गेले. मागनं आलेला वारा आणि दरीतली हवेची खळबळ यात पायलटचा ताबा सुटला असं चौकशीत निघालं. पण तिथं लोकांना भोवली ती नंतरची आग. आपटल्यावर फुटणार नाही अशी इंधनाची टाकी असते, ती त्या हेलिकॉप्टरला नव्हती. एप्रिल २०२० पासनं बनणाऱ्या नव्या हेलिकॉप्टरना अमेरिकेत उडायचं तर तशी टाकी कायद्यानं सक्तीची आहे, जुन्यांना नाही, बऱ्याच कंपन्यांनी आपणहून बसवून घेतली.

म्हणून कंपनीला ईमेलवर दोनच प्रश्न टाका. तुमच्या हेलिकॉप्टरला क्रॅश-रेझिस्टंट इंधन टाकी आहे का? आणि तुम्ही पार्ट १३५ (अमेरिकेच्या हवाई नियमांतला एक भाग) खाली उडता का? अमेरिकेत जवळच्या जवळ, २५ मैलांच्या आत फिरवून आणणाऱ्या टूरना हलक्या नियमांत उडायची सूट आहे, पार्ट १३५ चे नियम त्याहून कडक. चांगली कंपनी दोन्हीचं सरळ उत्तर देते. "आम्ही नंबर वन आहोत" असं गोल गोल उत्तर आलं की पुढची कंपनी बघा.

आणखी एक, पायलट म्हणाला वारा जास्त आहे, जाणार नाही, तर त्याच्याशी हुज्जत घालायची नाही. पैशाचं प्रश्न १६ मध्ये आहे.

११. आम्ही केदारनाथला हेलिकॉप्टरनं गेलोय. तसंच असतं ना?

यंत्र त्याच जातीचं, काम वेगळं. केदारनाथची शटल आहे, फाटा किंवा सिरसीहून उचलायचं आणि वर सोडायचं, सात-आठ मिनिटांत देवाच्या दारात, फेऱ्यांवर फेऱ्या. इथं फिरवून आणण्याचेच पैसे असतात, पायलट थोडं एका बाजूला वळवून दोन्हीकडच्यांना दाखवतो, कानावर हेडफोन, त्यात माहिती चालू. केदारनाथला घाबरला नसाल तर इथं घाबरायचं काही नाही, फक्त काठ ओलांडतानाचा तो एक क्षण पोटात गोळा आणतो.

१२. आई ७२ वर्षांची आहे, बीपीची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात. नेऊ का?

गुडघ्यांचा प्रश्न फक्त चढण्या-उतरण्यापुरता, पायरी उंच असते, स्टाफ हात देतो, स्टूल ठेवतो. व्हीलचेअर लागत असेल तर आधी कळवा. बीपी, हार्ट, नुकतंच झालेलं ऑपरेशन, याबद्दल घरच्या डॉक्टरांना विचारूनच जा, मी डॉक्टर नाही. पण एक गोष्ट लोक विसरतात, ती उंची. बेळगाव समुद्रसपाटीपासनं साडेसातशे मीटरवर आहे, साउथ रिम २१०० मीटरच्या आसपास, म्हणजे हेलिकॉप्टरमध्ये बसायच्या आधीच तुम्ही चांगलेच वर आलेले असता. काही जणांना डोकं जड होतं, जिना चढताना धाप लागते. आदल्या रात्री मुक्कामाला पोचा, पाणी भरपूर प्या, सकाळी उडा. गाडीतनं उतरून थेट हेलिकॉप्टरमध्ये, असं म्हाताऱ्या माणसांना करू नका. या एका कारणासाठी काही घरांना मी वेगास-वेस्ट रिमच सुचवतो, प्रश्न ३ मधल्या माझ्या मताविरुद्ध जाऊन.

१३. चोर्ला घाटात उलट्या होतात. हेलिकॉप्टरमध्ये काय होईल?

घाटातली वळणं आणि हे वेगळं, बऱ्याच जणांना काहीच होत नाही. दुपारी मात्र तापलेल्या खडकांवरनं हवा वर उसळते आणि गचके बसतात, तेव्हा सकाळची फ्लाईट घ्या. उपाशीपोटी जाऊ नका आणि भरपेट इडली-सांबार खाऊनही जाऊ नका. गोळी घेत असाल तर नेहमीची, डॉक्टरांनी दिलेली, अर्धा-एक तास आधी, तिनं झोप येते हे लक्षात ठेवा नाहीतर तीनशे डॉलरची डुलकी होते. नजर लांब ठेवा, फोनच्या स्क्रीनमधनं बघत राहिलात की हमखास मळमळतं. पिशवी सीटजवळ असते, मागायला लाजू नका.

१४. साडी नेसून बसता येतं का? चप्पल?

येतं की. पदर पिनअप करा, ओढणी असेल तर गाठ मारून आत खोचा, पंख्याच्या वाऱ्यात काहीही मोकळं राहू देत नाहीत. टोपी, गॉगल, गजरा सांभाळा. तळाशी उतरणार असाल तर दगड-माती आहे, चपलेपेक्षा बूट बरे. आणि गडद रंगाचं घाला, पांढरा किंवा भडक शर्ट असला की काचेत त्याचंच प्रतिबिंब पडतं आणि फोटोत कॅन्यनवर तुमचा शर्ट तरंगतो.

१५. कुठला महिना, कुठली वेळ चांगली? सूर्योदयाची फ्लाईट मिळते का?

एप्रिल-मे आणि सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर उत्तम. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिकडंही पावसाळी ढग येतात, आपल्यासारखी झड नाही, दुपारनंतर अचानक गडगडाट आणि फ्लाईट रद्द. थंडीत काठावर बर्फ असतो, दृश्य सुंदर, पण बोटं गोठतात. वेळ म्हणाल तर सकाळी नऊ ते अकरा.

सूर्योदय-सूर्यास्ताचं मात्र नीट समजून घ्या. साउथ रिमच्या ज्या हवाई मार्गांवर टूर उडतात त्यांना वेळेची मर्यादा आहे, मे ते सप्टेंबर सकाळी ८ ते संध्याकाळी ६, ऑक्टोबर ते एप्रिल ९ ते ५. उन्हाळ्यात सूर्य उगवतो पाच-सव्वापाचला आणि मावळतो पावणेआठच्या सुमारास, म्हणजे सूर्योदय हेलिकॉप्टरमधनं होणारच नाही. डिसेंबरात सूर्यास्त सव्वापाचला, तेव्हा शेवटच्या फ्लाईटला कलती उन्हं मिळू शकतात. सनसेट टूर म्हणून जे दिसतं ते वेगासहून वेस्ट रिमचं असतं.

१६. हवा खराब झाली तर पैसे परत मिळतात का?

कंपनीनं रद्द केलं तर बहुतेक ठिकाणी पूर्ण परत नाहीतर दुसरी वेळ. तुम्ही रद्द केलं तर २४ किंवा ४८ तासांची अट असते, ती वाचा. मधल्या एजंटकडनं किंवा मोठ्या बुकिंग साइटवरनं घेतलं असेल तर कंपनी म्हणते एजंटला विचारा, एजंट म्हणतो कंपनीला विचारा, आणि तुम्ही बेळगावला परतलात तरी ईमेल चालूच. थेट कंपनीच्या साइटवरनं घ्या. आणि कॅन्यनची फ्लाईट ट्रिपच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका, एक दिवस पुढं ढकलायला जागा असू दे.

१७. घड्याळाचा काय घोळ आहे? आमच्या ओळखीच्यांची फ्लाईट एका तासानं चुकली.

वेगास नेवाडा राज्यात, कॅन्यन ॲरिझोनात. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढं करतात, ॲरिझोना करत नाही. म्हणून मार्चच्या मध्यापासनं नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत दोन्हीकडं एकच वेळ आणि थंडीत ॲरिझोना एक तास पुढं. दिवाळीनंतर जाणारे यात हमखास सापडतात, वेगासहून पहाटे पाचला निघाले आणि साडेचार तासांत टुसायानला पोचले तर तिथं साडेदहा वाजलेले असतात. त्यात पूर्वेकडच्या नावाहो जमातीच्या भागात उन्हाळ्यात घड्याळ पुढं करतात, आजूबाजूच्या ॲरिझोनात नाही, त्यामुळं पेज गावाकडनं (प्रश्न २२ बघा) गाडीनं येत असाल तर फोनचं घड्याळ वाटेत उड्या मारतं. बुकिंगच्या ईमेलवर कुठली वेळ आहे ते विचारून घ्या. वेगासहूनच उडणार असाल तर वेगासची वेळ, विषय संपला.

१८. हेलिकॉप्टरपेक्षा छोटं विमान स्वस्त दिसतंय. घेऊ का?

बजेट कमी असेल तर वाईट नाही. टुसायानहून ट्विन ऑटर नावाची १९ सीटची विमानं उडतात, पंख वर असल्यानं खालचं दिसतं, प्रत्येकाला खिडकी, वेळही जास्त, चाळीसेक मिनिटं. पण काठ ओलांडतानाची ती हेलिकॉप्टरची मजा त्यात नाही. म्हातारी माणसं आणि मोठं कुटुंब असेल तर मी विमान सुचवतो.

१९. फोटो, व्हिडिओ, ड्रोन?

फोन आणि कॅमेरा चालतो, गळ्यात पट्टा घालून. बॅग, सेल्फी स्टिक बाहेर लॉकरमध्ये. ड्रोन नॅशनल पार्कात २०१४ पासनं बंदच आहे, पोराचा छंद घरी ठेवायला सांगा. निळंशार पाणी दिसेल या आशेवर जाऊ नका. ते फोटो हवासू धबधब्याचे असतात, तो वेगळ्या बाजूच्या दरीत आहे. कोलोरॅडो नदी एरवी हिरवट, पावसानंतर चहासारखी.

२०. परदेशी लोकांना १०० डॉलर जादा म्हणे. हेलिकॉप्टरलासुद्धा?

१ जानेवारी २०२६ पासनं ग्रँड कॅन्यनसकट अकरा पार्कांत अमेरिकेत न राहणाऱ्यांना, १६ वर्षं आणि वरच्यांना, नेहमीच्या प्रवेश फीवर माणशी १०० डॉलर जादा आहेत. ही पार्कच्या दारावरची फी. टुसायानचा हेलिपॅड पार्कच्या बाहेर आहे, तेव्हा नुसतं उडून परत येणार असाल तर लागत नाही. पण तिथपर्यंत जाऊन काठावर गेला नाहीत तर काय मिळवलं? यातले तीन पार्क जरी करणार असाल तरी २५० डॉलरचा वार्षिक पास बघा. वेस्ट रिम पार्कात नाही त्यामुळं तिथं पार्कचा कुठलाच पास चालत नाही, जमातीचं वेगळं तिकीट.

२१. हेलिकॉप्टरनं बघितलं की मग काठावर जायची गरज काय?

हे विचारणारे बहुतेक वेळ वाचवायला बघालेत. वरनं आकार कळतो, खोली काठावरनंच कळते, कारण वर असताना तुमच्या पायाजवळ मोजायला काही नसतं. मेदर पॉइंट किंवा यावापाई पॉइंटला रेलिंग धरून खाली बघा, ट्रेलवरनं जाणारी माणसं मुंगीएवढी दिसतात. काठाकाठानं फुकट बस फिरते, म्हाताऱ्या माणसांनाही जमतं. खिशाला हेलिकॉप्टर जड जात असेल तर ते सोडा, काठ सोडू नका.

२२. हॉर्सशू बेंड आणि अँटेलोप कॅन्यन त्याच हेलिकॉप्टरमध्ये होतं का?

नाही. ती ठिकाणं पेज गावाजवळ, टुसायानपासनं गाडीनं दोन-सव्वादोन तास. पेजहून वेगळी हेलिकॉप्टर टूर आहे, हॉर्सशू बेंड वरनं दाखवणारी, काही टॉवर बट नावाच्या सपाट डोंगरमाथ्यावर उतरवणाऱ्या. अँटेलोप ही जमिनीतली चिंचोळी घळ आहे, हेलिकॉप्टरमधनं फट दिसते फक्त, आत चालतच जायचं. नावात कॅन्यन आहे म्हणून सगळं एकच समजू नका.

२३. दीड वर्षाची नात आहे. तिचं तिकीट लागतं का?

दोन वर्षांच्या आतली मांडीवर, बहुतेक ठिकाणी फुकट, पण वजन धरतात. दोन पूर्ण झाली की पूर्ण तिकीट, आणि वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट बघतात. तिच्या कानाला मोठा हेडफोन नीट बसत नाही, आवाजानं घाबरून पूर्ण अर्धा तास रडली तर बाकीच्या चार जणांचे पैसे पाण्यात. माझं ऐकाल तर आळीपाळीनं जा, दोघं वर, दोघं खाली नातीजवळ.

२४. आपल्याकडं असं काही आहे का? गोकाक, जोग, आंबोलीवर?

नेहमीची टूर नाही. म्हैसूरला काही वर्षी दसऱ्याच्या वेळी शहरावर जॉय राईड झाल्यात. आणि खरं सांगायचं तर गोकाक काय, जांबोटीकडचा वज्रपोहा काय, पावसाळ्यात धबधबा भरात असतो तेव्हाच ढग आणि धुकं इतकं असतं की हेलिकॉप्टरनं बघण्यासारखं काही उरत नाही. त्याला छत्री आणि गाडीच बरी.

२५. पायलटला टिप द्यायची का?

द्यायची पद्धत आहे, माणशी दहा-वीस डॉलर, उतरल्यावर हातात. सक्ती नाही. पण सुट्ट्या नोटा आधीच वेगळ्या खिशात ठेवा, पंख्याखाली उभं राहून पाकीट उघडायचं नसतं.